असारची बत्तीस गते

१

तीन हजार सातशे बारा बेपत्ता माणसं शुक्रवारी संध्याकाळपर्यंत परत सापडली. नऊ सापडत नव्हती.

माणसं म्हणजे त्यांच्या नोंदी. नेपाळातल्या बुटवलच्या परदेश खबर केंद्रात त्यापलीकडं माणसाचं काही नसतंच. पोटापाण्यासाठी आखातात, मलेशियात गेलेला नवरा किंवा मुलगा वर्षानुवर्षं फोन करत नाही, तेव्हा घरचे इथं येऊन फॉर्म भरतात. उंची किती, दात कुठला पडलेला, दंडावर काय गोंदलंय, हाड कधी मोडलं होतं. मग तिकडं कुठं बेवारस देह सापडला की इथले फॉर्म चाळायचे. काम पुण्याईचं, पण करणाऱ्याचा जीव विटून जातो असं.

गुरुवारी, नेपाळी साउन महिन्याच्या एक गतेला, म्हणजे पहिल्या दिवशी, भर दुपारी वीज कडाडली आणि केंद्राच्या सर्व्हरची डिस्क जळाली. अनुपम भुसाल नावाचा केंद्राचा तंत्रज्ञ शुक्रवारभर बॅकअपशी झटला आणि आदल्या असार महिन्याच्या एकतीस गतेपर्यंतचं सगळं त्यानं परत उभं केलं. पण घोडं अडलं ते पुढं. असार यंदा बत्तीस दिवसांचा होता. पंचांगवाले कधी महिना एकतीसचा करतात, कधी बत्तीसचा, त्याला इथं कोणी हरकत घेत नाही. गुरुवारी नवे फॉर्म घेतले नव्हते, पण त्या बत्तिसाव्या दिवशी नऊ फॉर्म भरले गेले होते आणि त्या नऊंचा मागमूस नव्हता.

शनिवारी म्हणून तिलविक्रम पुलामीला बोलावणं गेलं. सुट्टीचा वार, ताटात नुकताच भात पडलेला. पुलामी अठ्ठावन्न वर्षांचा. सव्वीस वर्षं टेलिफोन खात्यात काढून आता ट्राफिक चौकात मेलेल्या डिस्कांचं दुकान चालवत होता. गुडघे बोलत होते, डोळे दुखत होते आणि त्याहून जास्त तो लोकांना कंटाळला होता. डिस्क जळाली की सगळ्यांना पुलामी दाइ, पुलामी दादा, आठवतो. जळायच्या आधी येऊन, दाइ, आमचा बॅकअप नीट आहे का बघा, असं म्हणणारा माणूस त्याला आजवर भेटला नव्हता. सगळे सांगतात, बॅकअप घेतलाय. कधी परत उघडून पाहिला होता का, असं विचारलं की सगळे छताकडं बघतात.

दोन जिने चढून तो वर आला तेव्हा बाकावर एक बाई बसली होती. पस्तिशीची असेल, पायात रबरी चपला, कमरेला पटुका आवळलेला. तिनं त्याच्याकडं असं पाहिलं की पुलामीला मान वळवावी लागली.

केंद्राचे प्रमुख केशवराज पन्थी त्याला आतल्या खोलीत घेऊन गेले आणि दार लोटून त्यांनी सगळं सांगितलं. बाईचं नाव झुमकला सारु, पाल्पाच्या डोंगरातली. नवरा दलबहादुर तीन वर्षांपासून बेपत्ता. त्याच्या डाव्या पायात पूर्वी पोलादी पट्टी बसवली होती आणि त्या पट्टीचा नंबर दवाखान्याच्या चिठ्ठीवर होता. बत्तीस गतेला बाई ती चिठ्ठी घेऊन आली, केंद्रानं ती स्कॅन करून फॉर्मला जोडली आणि परत दिली. घरी जाताना ओढ्यात तिचा पाय घसरला आणि पटुक्यातल्या चिठ्ठीचा लगदा झाला. ज्या दवाखान्यानं पट्टी बसवली तो बंद पडून चार वर्षं झाली. आणि दुसऱ्याच दिवशी दूतावासाचं पत्र आलं. आखातातल्या एका शहरात शवागारात एक देह आहे, डाव्या पायात पट्टी आहे. नंबर तुम्ही सांगा, आम्ही जुळवून बघतो. रविवारी दुपारपर्यंत कळलं नाही तर तिथंच पुरणार.

"म्हणजे उद्या," पुलामी म्हणाला.

"उद्या." पन्थींनी टेबलावरचा एक टाइप केलेला कागद त्याच्यापुढं सरकवला. पोलिसांत द्यायची तक्रार होती ती. "तुम्ही डिस्क बघाच, दाइ. पण मला विचाराल तर यात विजेचा दोष नाही. बत्तीस गतेची नोंद कोणीतरी मुद्दाम उडवलीय, आणि कोणी ते मला माहीत आहे."

कागदावर नाव होतं तुलसा बुढाथोकीचं. फॉर्म भरून घेणारी, गेली सहा वर्षं याच खोलीत बसणारी बाई.

२

डिस्क पाहायला पुलामीला पाव तास पुरला. ती कोळसा झाली होती. तिच्यातून काही काढायचं तर काठमांडूला नाहीतर सीमेपार दिल्लीला पाठवावी लागली असती आणि आठवडा गेला असता. हाती होती उद्या दुपारपर्यंतची वेळ.

"बॅकअप दाखव," तो अनुपमला म्हणाला.

अनुपमनं भिंतीकडं बोट केलं. तिथं एक देखणी लाकडी फळी लटकवली होती, वर कोणीही हात लावू नये अशी चौकटीतली सूचना. तिला छोटे छोटे कप्पे, एक ते एकतीस आकडे कोरलेले, प्रत्येक कप्प्यात एक हिरवा पेनड्राइव्ह. परदेशातल्या कुठल्याशा देणगीदार संस्थेनं गेल्या भदौमध्ये, म्हणजे भाद्रपदात, ती पाठवली होती. पद्धत सोपी होती. रोज संध्याकाळी साडेचारला त्या गतेचा पेनड्राइव्ह काढायचा, सगळ्या नोंदींची पुरी कॉपी त्यावर घ्यायची, परत कप्प्यात ठेवायचा. पुढच्या महिन्यात तीच गते आली की जुनं जाऊन नवं बसतं. हे काम लोकमान घर्तीकडं. केंद्राचा जुना कर्मचारी, साठीचा, भारताच्या पलटणीतून पेन्शन घेऊन आलेला लाहुरे. त्याच्या शिस्तीवर घड्याळ लावावं असा माणूस.

पुलामीनं फळी नीट पाहिली. एकतीस कप्पे. देणगीदारांच्या देशात महिना एकतिसावर थांबतो, त्यांना कोण सांगणार.

"बत्तिसावा कप्पा?"

अनुपम कसनुसा हसला. "फळी आल्यापासून बत्तीस दिवसांचा महिना हाच पहिला, दाइ. कोणाच्या डोक्यातच आलं नाही."

मग त्या दिवशी कॉपी घेतलीच नसेल, असं पुलामी म्हणाला. तर अनुपमनं लोकमानची वही उघडून पुढं ठेवली. लोकमानच्या ताठ अक्षरात ओळ होती: असार बत्तीस, कॉपी घेतली, ठिकाणावर ठेवली. खाली सही.

"कुठल्या ठिकाणावर?"

"तेच तर कळत नाही. पहिल्यांदा एक नंबर बघितला, मग एकतीस. दोन्हींत आपापलंच आहे. मग सगळेच्या सगळे तपासले. तीस ड्राइव्हवर जिथलं तिथं. एक सोळा नंबर कोरा निघाला, तो खराब झाला असेल. पंधरा दिवसांपूर्वीची कॉपी, असली काय नि नसली काय."

"आणि लोकमान दाइ?"

"गुरुवारी सकाळीच गावी गुल्मीला गेले, साउनच्या संक्रांतीला. तिकडचा टॉवर पडलाय. फोन लागत नाही."

पुलामीनं कपाळ चोळलं. सही करणारा माणूस डोंगरात, सही केलेली वस्तू गायब, आणि तक्रार तिसऱ्याच्या नावावर. कुठंतरी पाणी मुरत होतं.

"वहीवर तुमचा भरवसा नको, दाइ," मागून पन्थींचा आवाज आला. "वहीत काय, कोणीही काहीही लिहील. त्या दिवशी खालच्या चहाच्या दुकानात तुलसा कोणाबरोबर बसली होती ते विचारा तिला."

३

तुलसा स्वतःहूनच आली. डोळे सुजलेले, पण आवाज कोरडा ठणठणीत. पुलामीसमोर खुर्ची ओढून बसली आणि विचारायच्या आधीच म्हणाली की हो, बत्तीस गतेला ती रेग्मीबरोबर चहा प्यायली. रेग्मी म्हणजे माणसं परदेशी धाडणारा दलाल. दलबहादुर सारुला त्यानंच पाठवलं होतं.

पन्थींचा संशय उघड होता. पाठवलेला माणूस मेल्याचं सिद्ध झालं तर दलालाच्या अंगाशी येतं. नोंदच नसेल तर देह बेवारस राहतो आणि दलाल मोकळा.

"मग कशाला बसलीस त्याच्याबरोबर, बहिनी?"

तुलसानं खिडकीबाहेर बघितलं. 

"माझे मालक कतारला आहेत. सतरा दिवस झाले होते, फोन नव्हता. रेग्मीची माणसं तिथल्या कॅम्पात आहेत, म्हणून म्हटलं जरा चौकशी करा." तिनं पदराआड हात आवळले. "रोज दहा-दहा बायकांना मी विचारते, शेवटचा फोन कधी आला. तेच मला कोणी विचारलेलं चालणार नव्हतं. म्हणून सरांना सांगितलं नाही."

पुलामीला वाटलं, आता उठावं आणि घरी जाऊन पडावं. अशा गोष्टी ऐकायला तो डिस्कांच्या धंद्यात आला नव्हता. पण उठता आलं नाही.

"फोन आला?"

"काल आला. तिकडं मोबाइल चोरीला गेला होता म्हणे." ती हसली नाही. "आता इकडं मी चोर झालेय."

बत्तीस गतेचं तिनं सविस्तर सांगितलं. नऊ फॉर्म तिनं स्वतः भरले, सारुचा शेवटचा. दलबहादुरची चिठ्ठी तिनं दोनदा स्कॅन केली, पहिली वाकडी आली म्हणून. नंबर तिनं पाहिला होता, पण रोज शंभर नंबर डोळ्यांखालून जातात, त्यातला एक कुठून आठवणार. आठवला असता तर ही वेळच आली नसती, असं ती म्हणाली आणि पहिल्यांदाच तिचा आवाज फाटला.

"लोकमान दाइंनी कॉपी घेतलेली पाहिलीस?"

"माझ्या डोळ्यांसमोर. साडेचारला आले, फळीपुढं उभे राहिले. बराच वेळ उभे होते. एकदा फळीकडं बघायचे, एकदा भिंतीवरच्या कॅलेंडरकडं. चष्मा घरी राहिला होता त्यांचा. मी फॉर्मात बुडालेली, काय झालं विचारायचं राहून गेलं. मग ते खाली गेले नि पाच मिनिटांत वर आले. कॉपी घेतली, वहीत लिहिलं, बॅग उचलली नि निघाले."

"खाली कशाला गेले?"

तुलसानं मान हलवली. "ते खालीच विचारा."

४

चहाचं दुकान जिन्याच्या पायाशीच होतं. दुकानाची मालकीण, साहुनी, मोठ्या कढईत तांदळाच्या पिठाच्या सेल रोट्या सोडत होती. पुलामी बाकावर टेकला आणि त्यानं आधी चहा मागितला, मग एक रोटी. घरच्या भाताला तर आता मुंग्या लागल्या असतील.

झुमकला खाली येऊन दुकानाच्या पायरीवर बसली होती. साहुनीनं तिच्या हातात चहाचा पेला दिला होता, त्यावर साय धरली होती.

"दाइ," ती अचानक पुलामीला म्हणाली, "तो नंबर सापडला नाही तर मी नुसतं हो म्हणू शकते का? तोच आहे म्हणून?"

पुलामीनं नाही म्हटलं. नंबर लागतोच, म्हणाला.

"तो नाही म्हणून सांगितलं तर?"

"तर पुरतील."

तिनं मान डोलावली. गावात सासू मेला समजून गवताचा पुतळा करून जाळू म्हणते, दीर म्हणतो दुसरं लग्न करून मजेत असेल तिकडं, आणि तिला स्वतःला काय वाटतं ते तीन वर्षांत कोणी विचारलेलं नाही, असं तिनं सांगितलं. रडली नाही. सांगून झाल्यावर गार चहा एका घोटात पिऊन टाकला.

पुलामी साहुनीकडं वळला आणि त्यानं बत्तीस गतेच्या संध्याकाळी लोकमान कशाला आला होता ते विचारलं. साहुनी खुदकन हसली.

"अहो, आम्ही अजून हसतोय. म्हातारा आला नि म्हणाला, आज तारीख किती? मी म्हटलं, बत्तीस, आणखी किती. तर चिडला. म्हणाला, ते मला ठाऊक आहे गं, मी तारीख विचारतोय. मग कोपऱ्यात कॉलेजच्या मास्तरीण बसल्या होत्या, त्यांनी मोबाइलमध्ये बघून सांगितली. तसाच माघारी. चहासुद्धा नाही घेतला. मी म्हटलं, याचं पेन्शन यायचं असेल, तारखेकडं डोळे लावून बसलाय."

पुलामीचा हात रोटीवरच थांबला.

"काय विचारलं? नीट आठव, दिदी. गते की तारीख?"

"तारीख. दोनदा म्हणाला. तारीख, तारीख."

पुलामी उठला. अर्धी रोटी बशीतच राहिली. जिन्याच्या पायऱ्या त्यानं गुडघ्यांची पर्वा न करता चढल्या आणि अर्ध्यावर थांबून तिथूनच हाक मारली की सगळ्यांनी फळीच्या खोलीत या, पन्थी सरांनीही.

५

खोलीत पाच माणसं झाली. पन्थी खिडकीशी, अनुपम टेबलाला टेकून, तुलसा दाराजवळ आणि तिच्यामागं झुमकला. पुलामीला बसावंसं वाटत होतं, पण खुर्ची एकच होती, ती त्यानं झुमकलाकडं सरकवली.

"लोकमान दाइ खोटं लिहिणारा माणूस नाही," त्यानं सुरुवात केली. "ठिकाणावर ठेवली म्हणाले म्हणजे ठेवली. आता त्यांच्या जागी उभं राहून बघा. हातात कॉपी घ्यायचीय, आज बत्तीस गते, कप्पे एकतीस. तुम्ही-आम्ही काय केलं असतं?"

"एक नंबरात ठेवली असती," अनुपम म्हणाला.

"तू ठेवली असतीस. तुझी सगळी हयात इथं गेली. लोकमान दाइंची बावीस वर्षं पलटणीत गेली. तिथं असार नाही, साउन नाही. पहारा तारखेवर, सुट्टी तारखेवर, पेन्शन तारखेवर. गते आपली, तारीख इंग्रजी महिन्याची. घरी आल्यावर ते गतेवर चालायला लागले, पण गते जिथं संपली तिथं माणूस कुठं जाणार? सवयीच्या जागी." त्यानं भिंतीवरच्या कॅलेंडरकडं हात केला. प्रत्येक चौकटीत मोठ्ठा नेपाळी आकडा आणि खालच्या कोपऱ्यात मुंगीएवढा इंग्रजी. "चष्मा घरी राहिलेला. तो बारका आकडा त्यांना वाचता येईना. म्हणून खाली गेले नि तारीख विचारून आले."

तुलसा कॅलेंडरजवळ गेली. असारच्या शेवटच्या चौकटीवर तिनं बोट ठेवलं आणि कोपऱ्यातला आकडा मोठ्यानं वाचला.

"सोळा."

"जुलैची सोळा तारीख. बत्तीस गतेची कॉपी सोळा नंबरवर गेली."

अनुपमचा चेहरा उतरला. "पण सोळा तर कोरा आहे, दाइ. मी स्वतः पाहिला."

"तो सोळा, सोळा नाहीच." पुलामीनं त्या कप्प्यातला पेनड्राइव्ह काढला आणि त्याच्या शेजारचे दोन काढून तिन्ही टेबलावर ठेवले. "हे बघा. विश्वकर्मा पूजेला तुम्ही सगळ्या यंत्रांना टिका लावलात ना?"

शेजारच्या दोन्ही पेनड्राइव्हच्या पाठीवर वाळून तडकलेला तांबडा डाग होता. इथला लाल अबीर, दही, दोन-चार तांदूळही चिकटलेले. फळीवरच्या बाकीच्यांनाही तसाच. सोळाची पाठ मात्र दुकानातून आत्ता आणल्यासारखी हिरवीगार होती.

"हा पूजेच्या वेळी इथं नव्हता. कोणीतरी खरा सोळा उचलला आणि रिकाम्या कप्प्यात नवा आणून ठेवला, वर आकडाही चिकटवला. नोंदी उडवणाऱ्यानं हे केलेलं नाही. त्याला बत्तीस गते हवी असती तर ती सोळात आहे हे कळायला लोकमान दाइंच्या डोक्यात शिरावं लागलं असतं. उचलणाऱ्याला वाटलं, सोळा म्हणजे पंधरा दिवसांपूर्वीचं शिळं काहीतरी. घेतलं तर कोणाचं अडणार आहे. म्हणून उचलला. पण मग लपवला कशासाठी?" पुलामीनं दम घेतला. "कारण फळीला हात लावायचा नाही असा इथं नियम आहे. दुसरा कोणी असता तर ओरडा खाऊन सांगून मोकळा झाला असता. आणि नियम ज्यानं केला, त्यालाच तो मोडल्याचं सांगायची लाज वाटली."

फळीच्या वर चौकटीत लावलेली सूचना सगळ्यांनी आजवर शंभरदा वाचली होती. आता परत वाचली. खाली सही केशवराज पन्थींची होती.

पन्थींनी खिडकीकडं तोंड वळवलं. मग बोलले ते कोणाकडंही न बघता. गुरुवारी सकाळी नगरपालिकेत कार्यक्रम होता, केंद्राची वर्षभराची कामगिरी पडद्यावर दाखवायची होती. कोरे पेनड्राइव्ह तुलसाच्या कपाटात आणि ती अजून आलेली नव्हती. फळीवरचा एक घेतला. पहिल्या नंबरांचे लगेच लागतील, शेवटच्यांवर ताज्या नोंदी, म्हणून मधला घेतला. ड्राइव्ह भरलेला आहे, पुसू का, असं यंत्रानं विचारलं. त्यांनी हो म्हटलं. पेनड्राइव्ह नगरपालिकेतच राहिला, इकडं डिस्क जळाली, अनुपम फळीशी येऊन उभा राहिला. कप्पा रिकामा दिसू नये म्हणून संध्याकाळी नवा ठेवला. जुना शुक्रवारी नगरपालिकेतून परत आला, तो खणात टाकला.

"देवाशपथ, बत्तीस गते त्यात असेल हे माझ्या मनातही नव्हतं," ते म्हणाले. "मला खरंच वाटलं की तुलसानं..."

 टेबलावरची तक्रार त्यांनी उचलली आणि फाडायला घेतली.

"फाडू नका, सर," तुलसा शांतपणे म्हणाली. "माझ्याकडं द्या. एक कॉपी माझ्याजवळ राहू दे."

तिनं कागद त्यांच्या हातून घेतला, चौघडी घातली आणि ब्लाउजमध्ये खोचला. 

पुलामीला या कशाशीच देणंघेणं नव्हतं. "ड्राइव्ह कुठं आहे?" त्यानं विचारलं. "आणि पुसल्यानंतर त्यावर काय काय घातलंत?"

६

ड्राइव्ह पन्थींच्या खणात होता, तांबड्या टिक्यासकट. पुसलेलं सगळंच जात नसतं. यंत्र फक्त नावं खोडतं, मजकूर तसाच पडून असतो, त्यावर दुसरं काही येऊन बसेपर्यंत. पन्थींनी त्यावर कामगिरी चढवली होती. चाळीस फोटो, हारतुरे, भाषणं. त्याखाली किती माणसं गाडली गेली ते आता बघायचं होतं.

पुलामीनं दुकानातून आपलं यंत्र मागवलं आणि तो कामाला बसला. आधी ड्राइव्ह जसाच्या तसा उतरवून घेतला, एकदा नव्हे, दोनदा, आणि मूळ ड्राइव्ह बाजूला ठेवून दिला. मग उतरवलेल्यातून एकेक तुकडा उचलून जोडायला लागला. नोंदींचं पुस्तक मधोमध फाटलं होतं. जुनी पानं पन्थींच्या फोटोंखाली गेली होती, पण ती एकतीसच्या ड्राइव्हवर होतीच. शेवटाकडचा भाग शाबूत असण्याची आशा होती.

एकेक नाव वर यायला लागलं. तुलसा शेजारी उभी राहून ओळखत होती. हा अर्घाखाँचीचा, हा दोन मुलींचा बाप, हा शिंपी. आठ झाले. नववा फॉर्म उघडला तेव्हा त्याला जोडलेलं चित्र नुसतं करडं दिसलं.

"गेलं," अनुपम पुटपुटला.

"दोनदा स्कॅन केली होतीस ना, बहिनी?" पुलामी म्हणाला. "वाकडी आलेली पुसली होतीस?"

तुलसाचे डोळे मोठे झाले. "नाही. घाईत तशीच राहिली."

वाकडी चिठ्ठी आठ मिनिटांनी मिळाली. खालचा अर्धा भाग करडाच होता, पण वर दवाखान्याचं नाव, दलबहादुर सारु, वय एकतीस, डावी मांडी, आणि त्याच्यापुढं शाईचा ठळक आकडा. पुलामीनं तो वाचला, तुलसानं लिहून घेतला, अनुपमनं पडद्यावरून ताडून पाहिला आणि मग पन्थींनी दूतावासाला कळवला. दिवेलागणीला अजून अवकाश होता. झुमकला नंबरच्या कागदाकडं बघत होती. तिला वाचता येत नव्हतं, पण तिनं तो कागद हातातून सोडला नाही.

उत्तर रविवारी सकाळी दहाला आलं. पुलामीचं काम शनिवारीच संपलं होतं, यायची काही गरज नव्हती, तरी तो आला होता आणि आपण का आलो म्हणून स्वतःवरच वैतागला होता. फोन तुलसानं घेतला. ऐकत राहिली, हो म्हणाली, परत हो म्हणाली आणि फोन ठेवून झुमकलापुढं उकिडवी बसली.

"जुळला, दिदी. तेच आहेत. पंधरा दिवसांत आणतील घरी."

 बाई हंबरडा फोडेल म्हणून पन्थींनी पाण्याचा ग्लास भरून हातात धरला होता. अशा वेळा तुलसानं खूप पाहिल्या होत्या, तिनं झुमकलाचे दोन्ही हात घट्ट धरून ठेवले होते.

झुमकला रडली नाही. ती एकदा तुलसाकडं, एकदा पुलामीकडं बघत राहिली, जणू आता पुढं काय करायचं असतं ते कोणी सांगेल म्हणून.

"मला झोप येतेय," ती म्हणाली.

मग तिनं चपला काढल्या, बाकाखाली नीट जोडून ठेवल्या, हाताची उशी केली आणि भिंतीकडं तोंड करून आडवी झाली. दोन मिनिटांत तिचा श्वास संथ लागला. बाहेर फॉर्म भरायला आलेल्या बायकांची रांग लागली होती, बाकावर जागा नव्हती म्हणून कोणीतरी कुरकुरायला लागलं. पन्थी तिला उठवायला पुढं झाले.

पुलामीनं त्यांचा दंड धरला.

"झोपू द्या, सर. तीन वर्षांनी झोपलीय ती."

तो जिन्याकडं निघाला. मागं तुलसा रांगेतल्या पहिल्या बाईला हळू आवाजात विचारत होती, शेवटचा फोन कधी आला होता.